उजेडानंतर शहाण्णव

येलान्का,
१७ फेब्रुवारी २०१३, रविवार

प्रिय सेन्या,

खुशाल असशील. मी खुशाल आहे, हे आधी लिहून टाकते. परवापासून तू अकरा वेळा फोन केलास आणि अकराही वेळा ‘तोन्या, ठीक आहेस ना’ एवढं विचारून श्वास न घेता ‘उल्केचे तुकडे कुठे पडले’ यावर आलास. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. शिवाय तुझ्या प्रयोगशाळेला जे हवंय ते फोनच्या तारेतून येण्यासारखं नाही. ते या पुडक्यात, लोकरी मोज्यात घालून ठेवलंय. मोजा धुतलेला आहे.

घराच्या चार खिडक्या गेल्या. स्वयंपाकघराची तेवढी वाचली, ती का वाचली ते तुझं विज्ञान जाणे. बाहेर उणे सतरा. आईचा तो भिंतीवरचा लाल गालिचा आठवतो ना, ज्याला हात लावला की आपण मार खायचो? तो मी निजायच्या खोलीच्या खिडकीला खिळे मारून ठोकला. चाळीस वर्षं नुसता लटकत होता, आता पहिल्यांदा कामाला लागलाय. काचवाले शहरातून येणार आहेत म्हणे. चेल्याबिन्स्कमध्येच इतक्या खिडक्या फुटल्यात की आमचा नंबर लागेपर्यंत बहुतेक बर्फ वितळेल.

आता तुझे तुकडे. आमच्या वाट्याला चुरा आलाय. तू म्हणालास तसंच, हलके आधी गळून पडले आणि जड होते ते पुढे पश्चिमेला गेले. शाळेमागच्या कुरणात बर्फ अगदी सपाट आहे, त्यावर बोटभर रुंदीची भोकं दिसतात, उंदराच्या बिळासारखी. भोकाच्या कडेने हळूच खणत गेलं की तळाशी काळा खडा. शेजारची नोन्ना सूप ढवळायचा डाव आणि चाळणी घेऊन गेली होती. पहिला खडा दिसला तेव्हा तिने तो डावात उचलला आणि किंचाळली, “अगं, भाजेल! आकाशातून आलाय तो!”

मी म्हटलं, “नोन्ना, भाजणारा असता तर बर्फ वितळला नसता का?”

“मग एवढं पेटलं होतं ते काय?”

खरंच चांगला प्रश्न आहे. मुलांनीही हाच विचारला. त्याचं उत्तर तू नीट, सोप्या भाषेत लिहून पाठव. मला उगाच काहीबाही सांगायचं नाही.

शाळा सध्या बंद आहे. दक्षिणेकडच्या सगळ्या काचा गेल्या. मुलं खिडकीशी होती. मुलंच ती. सात जणांना लागलं, बहुतेकांना खरचटण्यावर निभावलं. सातवीतली तैसिया गोर्शेनिना जिल्ह्याच्या इस्पितळात आहे, तिच्या डोळ्याला थोडं लागलंय. मी रोज जाऊन येते. तिच्या आईला, फाइनाला, काळ्या मनुकांच्या जॅमची बरणी दिली.

तू विचारलंस की उजेड आणि धडाका यांच्यामध्ये आमच्याकडे किती सेकंद गेले. मोजायचं राहिलं. गडबड होती रे.

मोजा परत पाठव. जोडी मोडायला नको.

तुझी,
तोन्या


येलान्का,
५ मार्च २०१३

प्रिय सेन्या,

तुझं पत्र मिळालं, मोजाही मिळाला. मोज्यात चॉकलेट घालून पाठवलंस, म्हणजे अजून तुझ्यात थोडा माणूस शिल्लक आहे.

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. दगड जळतो म्हणून फुटत नाही, हे मला इतकी वर्षं शिकवूनही नीट कळलं नव्हतं. समोरची हवा बाजूला सरायला सवड मिळत नाही, म्हणून ती त्याच्या तोंडावर दाबली जाते, तापते, चकाकते. मागे मात्र जवळजवळ काहीच नाही. पुढून एवढा दाब, मागून पोकळी, आणि दगडाच्या पोटात करोडो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी टकरीच्या भेगा. हवा खाली खाली दाट होत जाते, दाब वाढत जातो आणि एका क्षणी दगडाला ते सोसवत नाही. तो जुन्या भेगांवर उलतो. तुकडे झाले की हवेला दाबायला आणखी तोंडं मिळतात, मग त्या तुकड्यांचेही तुकडे. सगळा खेळ दोन-चार सेकंदांत आटोपतो. तापते ती फक्त वरची साल, आतला दगड अंतराळातल्याइतकाच थंड राहतो, आणि उरलेला खडा वेग गमावून नुसता खाली पडतो. नोन्नाला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुझा भाऊ छान लिहितो. लग्न का करत नाही?”

मी पाठवलेल्या खड्यांपैकी एक मधोमध फुटलेला होता, बघितलास? आत राखाडी आणि त्यात काळी रेघ. तू लिहिलंयस की तीच ती जुनी भेग.

आणि पत्राच्या शेवटी तू पुन्हा तेच विचारलंयस. ‘तोन्या, अंदाजे तरी सांग. फुटण्याची उंची काढायला मला जागोजागचे सेकंद हवेत. दुसऱ्या कोणी मोजले नसतील, पण तू मोजले नाहीस यावर माझा विश्वास बसत नाही. मला तूच शिकवलंस.’

हो. मीच शिकवलं. तू सहा वर्षांचा होतास, मेघ गडगडले की टेबलाखाली जायचास. मी तुला ओढून ओसरीत बसवलं आणि म्हटलं, वीज दिसली की पायाने ताल धरून मोजायचं, मग तिनाने भागायचं, म्हणजे वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. ज्याचं अंतर कळलं त्याची भीती वाटत नाही. पुढे शिक्षिका झाले आणि आता एकतीस वर्षं मी हेच प्रत्येक वर्गाला शिकवते. उजेड आधी, आवाज मागून. येलान्कातली अर्धी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत, विजेच्या वेळी सगळी पाय आपटत बसतात.

म्हणून आता सांगते. मी मोजलं नाही, कारण मी मुलांना बोलावत होते.

दुसरा तास चालू होता, नऊ वाजून वीस मिनिटं. सातवीचा वर्ग, एकोणीस मुलं. सूर्य नुकताच वर येत होता. एकाएकी फळा पांढरा झाला. खिडकीच्या चौकटीची सावली भिंतीवरून धावत गेली, सेन्या, पळणाऱ्या माणसासारखी. बाकीच्या वर्गांत कोणाला वाटलं विमान पडलं, कोणाला वाटलं युद्ध सुरू झालं. तिथल्या शिक्षिका घाबरल्या आणि त्यांनी मुलांना भिंतीशी घेतलं. मला मात्र लगेच कळलं की ही उल्का आहे. मी एकटीच त्या शाळेत हुशार होते ना! मी ओरडले, “मुलांनो, उल्का! या, या, लवकर या! आयुष्यात परत दिसायची नाही!”

मुलं बाकं ढकलत आली. आकाशात धुराचे दोन पांढरे पट्टे होते, शेजारी शेजारी. तैसिया वर्गात सगळ्यांत बुटकी. तिला मागून काही दिसत नव्हतं, टाचा उंचावत होती. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला पुढे केलं, अगदी काचेशी. म्हटलं, “तू इथे उभी राहा, बुटके.”

मग मी कॅमेरा आणायला मागच्या कपाटाकडे गेले. कपाटाचं दार उघडलं आणि धडाका झाला. ऑक्टोबरात थंडीसाठी मुलांनीच त्या खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्ट्यांसकट चौकट आत आली. मी कपाटाच्या दाराआड होते. माझ्या अंगावर एक ओरखडा नाही.

त्या मधल्या वेळात मी तिथे उभी राहून त्यांना धुराचा रंग समजावत होते, सेन्या. एवढ्या मोठ्या उजेडामागून आवाज येणारच, हे मला माहीत होतं. एकतीस वर्षं माहीत होतं.

आणि हेही पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी, शाळा बंद असूनही मुलांना बोलावून, मुख्याध्यापिका इराइदा पाव्लोव्ना चौकशीला बसल्या. मी तोंड उघडायच्या आत सातवीतलाच मात्वेय उभा राहिला, कपाळाला पट्टी. म्हणाला, “बाईंनी मागे व्हा म्हणून ओरडून सांगितलं. आम्हीच ऐकलं नाही.” आणि वर्गातल्या सगळ्या माना हलल्या. त्यांनी ते आधी ठरवलं होतं. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणायला हवं होतं, मात्वेय, खाली बस. मी नाही म्हटलं. इराइदा पाव्लोव्नांनी माझा हात दाबला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचं फळ असं की परवा, सात तारखेला, महिला दिनाच्या समारंभात मला जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळणार आहे. ‘प्रसंगावधान राखून विद्यार्थ्यांना सावध केल्याबद्दल.’

तैसियाच्या डाव्या डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. ‘थोडं लागलंय’ असं मी तुला लिहिलं होतं. डॉक्टर म्हणतात, दिसेल की नाही ते इतक्यात सांगता येणार नाही. तिला महिनाभर वाचायची-लिहायची मनाई आहे. मी रोज जाते, तिला गोष्टी वाचून दाखवते, फाइना माझे आभार मानते आणि मी ते घेते.

मी तुला सल्ला विचारत नाहीये. हे पत्र तुला मिळेपर्यंत सात तारीख उलटलेली असेल, हे धरूनच टपालात टाकते आहे. फक्त एका माणसाला आधी खरं लिहून बघायचं होतं, हाताला जमतं का ते.

जमलं.

मोजायला विसरलेली,
तोन्या


येलान्का,
१४ एप्रिल २०१३

प्रिय सेन्या,

तू त्या पत्रावर फोन केला नाहीस, तार केली नाहीस, थेट बसमध्ये बसून आलास, दोन दिवस राहून चारही खिडक्यांना काचा बसवल्यास आणि त्या विषयावर अवाक्षर काढलं नाहीस, हे मी विसरणार नाही. एक काच वाकडी बसली आहे. असू दे. तू गेल्यानंतर काय झालं आणि तू असताना मी कायकाय सांगू शकले नाही, ते आता सविस्तर लिहिते.

मार्चच्या सहा तारखेला संध्याकाळी मी फाइनाकडे गेले. ती पावाच्या भट्टीत कामाला आहे, नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती. खिडकीला प्लास्टिक लावलेलं, ते वाऱ्याने फडफडत होतं. तिने चहा ठेवला. मी कोट न काढताच सांगून टाकलं. मी बोलावलं, मी पुढे ढकललं, मी गप्प बसले, या क्रमाने. ती ऐकत होती आणि हातातला पाव कापत होती. अख्खा पाव कापून झाला.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “तीन आठवडे माझ्या लेकीच्या उशाशी बसून गोष्टी वाचत होतात, आणि तोंडातून चकार शब्द नाही?”

“नाही.”

“आणि मी तुमचं नाव घेऊन सगळ्या भट्टीभर सांगत फिरत होते, अंतोनीना तिमोफेयेव्नांसारखी बाई मिळायला नशीब लागतं म्हणून!” तिने फळीवरची जॅमची बरणी उचलली, दार उघडलं आणि बाहेर बर्फात नेऊन ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली. परत येऊन म्हणाली, “शिव्या द्यायला मला शब्द सुचत नाहीयेत. उद्या सुचतील. चहा घ्या आणि जा.”

मी चहा घेतला. दारात ती म्हणाली, “तैसियाला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही. हे काम माझ्या गळ्यात घालू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इराइदा पाव्लोव्नांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अंतोनीना तिमोफेयेव्ना, प्रशस्तिपत्र छापून आलंय हो! चौकटीत बसवून! आता त्याचं काय करू?” मी म्हटलं, चौकट ठेवून घ्या, काच तरी शाबूत आहे. त्या हसल्या नाहीत. समारंभात मी स्वतः उभी राहून सगळ्यांसमोर बोलले. मात्वेयने दोन्ही हातांनी डोकं धरलं, जणू मीच त्यांचा कट फोडला. खरंतर फोडलाच. मला लेखी ताकीद मिळाली, वर्षअखेरपर्यंत वर्गशिक्षकपण काढून घेतलं. शिकवणं राहिलं. मी राजीनामाही लिहून नेला होता, तो इराइदा पाव्लोव्नांनी वाचला आणि चहाच्या पेल्याखाली ठेवला. म्हणाल्या, “पदार्थविज्ञान शिकवायला मी आता दुसरं कोण आणू? जा, तास आहे तुमचा.”

दोन दिवसांनी इस्पितळात गेले. फाइना बाहेर बाकावर बसली, आत आली नाही. तैसिया दोन्ही डोळे बांधून पडली होती, कारण एक हलला की दुसराही हलतो म्हणून दोन्ही बांधतात. मी म्हटलं, तैसिया, त्या दिवशी तुला पुढे मी ढकललं होतं.

“माहीत आहे ना बाई,” ती म्हणाली. “मी तिथेच होते.”

तीच पुढे म्हणाली, “तुम्ही उगाच सांगितलंत सगळ्यांना. मात्वेय वैतागलाय. आम्ही किती नीट ठरवलं होतं.” मग जरा रुसल्यासारखी म्हणाली, “पण बाई, मला एक गोष्ट कोणी विचारलीच नाही.”

“काय?”

“किती झाले ते. तुम्हीच म्हणाला होतात ना, उजेड दिसला की मोजायला लागायचं? मी मोजत होते. सगळे बोलत होते म्हणून मनातल्या मनात, पायाने. बाकीचे थोडे मागे झाले, पण मला हलायचं नव्हतं, ताल चुकला असता. मग तुम्हाला आकडा सांगून चकित करणार होते.” आणि तिने सांगितला.

सेन्या, मी तिथे खुर्चीवर बसून रडले. तिला दिसत नव्हतं, पण कळलं. तिने चाचपून माझी बाही पकडली आणि म्हणाली, “बाई, चुकलाय का आकडा?”

तो आकडा मी तू आलास तेव्हाही तुला सांगितला नाही. तू दोन दिवस काचा बसवत होतास आणि मी ओठ आवळून होते. कारण तैसियाने वचन घेतलं होतं. तिला तो स्वतःच्या हाताने लिहून शास्त्रज्ञाला पाठवायचा होता आणि लिहायची मनाई संपायची होती. ती परवा संपली. सोबत चिठ्ठी आहे, वहीच्या चौकडीच्या कागदावर. अक्षर तिरकं आहे, कारण उजवाच डोळा उघडा ठेवून लिहिलंय. ‘उजेडापासून धडाक्यापर्यंत ९६. येलान्का, शाळेची दुसरी खिडकी. मोजणारी त. गोर्शेनिना.’ तिने तिनाने भागूनही ठेवलंय, बत्तीस किलोमीटर. मी तिला म्हटलं, वर हवा गार आणि विरळ असते, आवाज जरा हळू चालतो, तेव्हा तीसच्या आसपास धर. ती म्हणाली, ते त्यांचं ते बघतील. तर आता तू बघ. तुझ्या कोष्टकात तिचं नाव घाल, फक्त गावाचं नको.

डाव्या डोळ्याने तिला गेल्या आठवड्यात उजेड-अंधार कळत होता. गुरुवारी तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर ओळखलं. शुक्रवारी त्याच्या खालची ओळ. डॉक्टर म्हणतात, चष्मा लागेल, वेळ लागेल, पण डोळा राहिला. फाइनाने मला हे स्वतः फोन करून सांगितलं. तिचा आवाज अजून कोरडाच होता. पण काल दारात बरणी सापडली, तीच, रिकामी आणि धुतलेली. आमच्याकडे बरणी परत केली म्हणजे पुन्हा भरून आणायला हरकत नाही, हे तुला सांगायला नको.

तैसिया काल शाळेत आली, डाव्या डोळ्यावर पट्टी लावून. कुरणातला बर्फ गेलाय, नुसता चिखल आहे, आणि पोरं बुटांनी अर्धं कुरण वर्गात घेऊन येतात. मी म्हटलं, आज धडा नाही, सराव. उजेड पडला असं समजा. सगळे बाकांखाली, खिडकीपासून लांब, आणि मोठ्याने मोजायचं, शहाण्णवपर्यंत.

पोरं धडपडत बाकांखाली गेली. सगळी गेली तेव्हा आकडा अकरावर होता. पुढे आम्ही नुसते मोजत राहिलो. तीस. चाळीस. पन्नासला कोणीतरी हसलं. सत्तरला कोणी हसत नव्हतं. शहाण्णव सेकंद फार मोठे असतात, सेन्या. मी माझ्या टेबलाखाली गुडघे दुमडून बसले होते आणि प्रत्येक आकड्याला मला कळत होतं की इथेही सांगता आलं असतं, इथेही, अजून इथेही. हे जन्मभर राहणार. पण आता त्याचं अंतर मला माहीत आहे.

शहाण्णव झाल्यावर सगळे बाहेर आले, गुडघे झटकले. मी वर्गपत्रक उघडलं आणि म्हटलं, पंधरा फेब्रुवारीच्या धड्याचा एक गुण भरायचा राहिलाय. ज्याला उत्तर येत होतं आणि ऐनवेळी आठवलं नाही, त्याला आपल्याकडे पाचापैकी किती मिळतात?

“दोन,” कोणीतरी हळूच म्हणालं. नापास.

मी तळाच्या रिकाम्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि पेन उचललं.

“थांबा,” तैसिया म्हणाली. उभी राहिली तरी बसल्यासारखीच दिसते ती. “नंतर स्वतःहून चूक दुरुस्त केली तर तुम्ही दोनावर ठेवत नाही. माझ्या वेळी नव्हतं ठेवलं.”

“मग किती देऊ?”

तिने उघड्या डोळ्याने मला नीट निरखलं. मात्वेय तिला बोटांनी चार दाखवत होता. तिने मान हलवली.

“तीन,” ती म्हणाली. “उणे.”

मी तोच भरला. तुला ठाऊक आहे, मी शाळेत कधी पाचाखाली उतरले नव्हते, आणि आयुष्यात कुठल्या गुणाने मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

चिठ्ठी जपून ठेव. आकडा जुळला की तिला थेट पत्र लिही, माझ्यामार्फत नको.

तुझी बहीण,
तीन उणे मिळवून काठावर पास झालेली,
तोन्या